नंबर एकशे सतरा

पायाला ठेच लागली तेव्हा डॉर्कस फिंचच्या तोंडातून शिवी गेली, आणि शिवी देताना तिनं खाली पाहिलं, म्हणून पुढचं सगळं झालं. न पाहता गेली असती तर टोपलीतली मेंढीची मान दुपारी शिजली असती, म्हाताऱ्यानं नेहमीसारखं विचारलं असतं, "जहाज आलं का गं, फिंच?" आणि तिनं नेहमीसारखं सांगितलं असतं, "आलंय साहेब, पत्र नाही." चार वर्षं हे चाललं होतं. आणखी चार चाललं असतं, किंवा तो मरेपर्यंत, किंवा ती मरेपर्यंत. पण तिनं खाली पाहिलं. कैद्यांच्या या बेटावरच्या होबार्ट टाउनमध्ये, धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यात, सरकारी कोठाराच्या दारासमोर, गाड्यांच्या चाकांनी दोन खोल चर पाडले होते आणि बेड्या घातलेल्या कैद्यांची टोळी सकाळपासून त्यात दगड ओतत होती. जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा, डोंगरावर बर्फ, वारा तिकडून निघून थेट कानात शिरणारा. चिखलातून एक करडा चपटा दगड बोटभर वर आला होता, आणि त्याच्या कडेवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: 117.

सात पोटात आडवा कापलेला होता. एक आणि सात यांची गफलत झाली की एकाचा सदरा दुसऱ्याच्या घरी जातो आणि मार धोबिणीला बसतो, हे ब्रिस्टलच्या धोबीखान्यात शिकलेली बाई सात कापल्याशिवाय लिहीत नाही. या अख्ख्या बेटावर तसा सात दुसरं कुणी काढत नव्हतं. आपलं अक्षर चिखलात बघणं म्हणजे काय, ते तिला सांगता आलं नसतं. भर बाजारात आपला परकर काठीवर लटकलेला दिसावा, तसं काहीतरी.  मग डोक्यानं आकडेमोड सुरू केली, कारण डोकं तेवढंच करू शकत होतं. अकरा पेट्या. अकराशे चाळीस दगड. चार वर्षांपूर्वी याच कोठाराच्या दारात तिनं त्या उतरवून घेतल्या होत्या, पहिल्या जहाजानं लंडनच्या विद्वानांच्या सभेकडे पाठवायला. इसाया लॅनियनचं अख्खं आयुष्य त्या पेट्यांत होतं, आणि तो वर टेकाडावरच्या घरात खिडकीशी बसून उत्तराची वाट बघत होता.

इसाया लॅनियन कोण, हे गावात कुणालाही विचारा, हसल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. वसाहतीचा पहिला खनिजतज्ज्ञ. सरकारनं त्याला कॉर्नवॉलच्या खाणींतून उचलून इथे आणलं ते चांदी शोधायला. सोनं सापडलं तर आणखी बरं. त्यानं चार वर्षं बेट पालथं घातलं आणि अहवाल पाठवला की चांदी नाही, सोनं मला दिसलं नाही, पण नदीच्या वरच्या अंगाला माती फार उत्तम आहे, तिच्या विटा होतील, लोकांना घरं बांधता येतील. वरच्या साहेबांना माती नको होती. त्यांनी त्याला तुटपुंजं पेन्शन देऊन घरी बसवलं, आणि तो घरी बसला नाही. तीन कोट एकावर एक घालून हिंडायचा, तिन्हींचे खिसे दगडांनी भरलेले. चालायला लागला की खडखड वाजायचा, म्हणून पोरंटोरं त्याला खुळखुळा म्हणायची. दगड दिसला की उचलायचा, त्यावर श्वास सोडायचा, वास घ्यायचा आणि मग जिभेला लावायचा. कुठेही. एकदा बड्या साहेबाच्या मेजवानीत सूप आलेलं असताना हा उठला, गुडघ्यांवर बसला आणि शेकोटीची चौकट चाटली. म्हणाला, "खारट आहे. तुमच्या गवंड्यानं समुद्राची वाळू घातली आहे. ही भिंत दहा वर्षांत पडेल." बायका रुमाल तोंडाला लावून हसल्या. भिंत सातव्या वर्षीच पडली, बाहेर बांधलेला एक घोडा मेला, पण तेव्हा कुणाला त्याची जीभ आठवली नाही. लोकांचं हे असं असतं. हसलेलं बरोबर लक्षात ठेवतात, कशाला हसलो ते विसरतात.

"माय, पाय बाजूला घे, नाहीतर तुझाही रस्ता करू," टोळीतला एकजण म्हणाला. मायकेल डूलन, आयरिश, दात पुढचे गेलेले, तोंड मात्र शाबूत. गावात अर्ध्या जणांच्या तो ओळखीचा होता, कारण अर्ध्या जणांच्या कोंबड्या त्यानं चोरल्या होत्या.

"हा दगड कुठला आणलास, डूलन?"

"दगडाला काय विचारतेस, कुठला? मलाच कुणी विचारत नाही."

"नंबर आहे त्याच्यावर."

"अगं, सगळ्यांवर होते!" डूलनला एकदम हुरूप आला. त्यानं फावडं टेकवलं. "कोठाराच्या मागे ढीग पडला होता, पावसापाण्यात. दोन वर्षं पडला असेल. उंदीर पोसले त्यानं. गेल्या आठवड्यात मुकादम म्हणाला, भरा रस्त्यात. काय सांगू माय तुला, इतकी मजा कधी आली नव्हती. डोळे मिटून ढिगात हात घालायचा, ज्याचा नंबर मोठा त्यानं लहान नंबरवाल्याची भाकरी खायची. मला एकदा हजार बावीस आला. मी तीन दिवस माणसासारखा जेवलो. देव भलं करो ज्यानं कुणी नंबर घातले त्याचं."

"मी घातले," डॉर्कस म्हणाली.

डूलननं तिच्याकडे पाहिलं.  मग जरा ओशाळून म्हणाला, "आकडे सुरेख काढतेस. वाचायला येत नाही अशा माणसालाही समजत होते."

मुकादम पाठमोरा होता. डूलननं फावड्याच्या टोकानं एकशे सतरा उकरला, बुटानं चिखल पुसल्यासारखं केलं आणि तिच्या पायाशी सरकवला. तिनं उचलला. ओझं ओळखीचं होतं. "बाकीचे?" तिनं विचारलं. डूलननं रस्त्याकडे हात केला, वरपासून खालपर्यंत, एखादा जमीनदार आपलं शेत दाखवतो तसा. "हे काय. चालतेस त्याच्यावरच."

कोठारात ती गेली ती भांडायला. भांडण तिला येत होतं, कैदी म्हणून जहाजावर काढलेल्या पाच महिन्यांनी दुसरं काही शिकवलं नव्हतं. पण कारकुनानं, सायलस ग्रूम त्याचं नाव, भांडायला काही ठेवलंच नाही. तो हसून उठला. पेट्या? हो, आठवतात तर! काय पेट्या होत्या! नदीकडच्या पिवळ्या पाइनच्या, कोपरे खाच पाडून बसवलेले, आत कीड शिरत नाही की ओल लागत नाही. मेणबत्त्या ठेवायला त्यांच्यासारख्या पेट्या अजून आल्या नाहीत. "तुमच्या साहेबांना माझे आभार सांगा. सुतार कोण होता त्यांचा?"

"आणि आतलं?"

"आत?" ग्रूमनं खरोखर आठवून पाहिलं. तो नाटक करत नव्हता, हेच तिला नंतर कित्येक दिवस सलत राहिलं. "आत दगड होते."

बस. आत दगड होते. तिच्या जिभेवर वीस शिव्या आल्या आणि एकही त्याच्या मापाची निघाली नाही. लांड्यालबाड्या करणारा माणूस असता तर तिनं त्याची गचांडी धरली असती. हा तर नीटनेटका, दाढी केलेला, आभार मानणारा माणूस होता. देशोदेशी राज्य करायला अशीच माणसं पाठवतात. ती पेटी ओळखतात.

घराकडे चढ होता. एका हातात टोपली, दुसरा हात एप्रनच्या खिशात, दगडावर. तिनं ठरवलं की सांगायचं नाही. ठरवायला दहा पावलंही लागली नाहीत. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, बेटाच्या आतल्या भागातल्या धुळीनं आणि माशांनी खाल्ले होते. राहिलं काय होतं त्याच्याकडे? खिडकी, चहा, आणि लंडनचं न आलेलं पत्र. ते पत्र त्यानं मनात इतक्यांदा वाचलं होतं की तिलाही पाठ झालं होतं. "आदरणीय महोदय, आपल्या संग्रहाने सभेस अचंबित केले..." जेवताना मध्येच घास थांबवून तो त्यात एखादा शब्द बदलायचा. "अचंबित नको, फिंच. उपकृत बरं." हे काढून घ्यायचं त्याच्याकडून? आणि कशासाठी, खरं बोलण्यासाठी? खऱ्यानं तिचं आजवर काय भलं केलं होतं? ब्रिस्टलच्या कोर्टात तिला एकच प्रश्न विचारला गेला. वकिलाच्या बायकोची लेसची कॉलर तू घेतलीस का? घेतली होती. खोटं कशाला सांगा. शिळ्या साबणाच्या पाण्यात हात सोलवटून पंधरा तास उभी राहणारी पोरगी, ती एकदा एक पांढरी जाळी मानेला लावून आरशासमोर उभी राहिली, आणि काढून ठेवायचं तिच्यानं झालं नाही. पण कुणी विचारलं नाही की का. कुणी विचारलं नाही की तुला काय आठवतं, तू काय पाहिलंस, तुझं म्हणणं काय. सात वर्षांची हद्दपारी. जहाज. आणि मग कैदी मोलकरीण म्हणून हे घर.

आणि इथे चढावर थांबून तिनं श्वास घेतला, कारण इथे आलं की आठवण नेहमी एकाच बाजूला उतरायची.

घरकामाला लागून तिसरा आठवडा होता. लॅनियन अकरा दिवसांसाठी उत्तरेकडे गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "घर स्वच्छ ठेव." घर म्हणजे काय होतं? फळ्या. भिंतभर फळ्या आणि त्यांवर मळके, माती लागलेले, शेवाळलेले दोनशे तीस दगड, प्रत्येकाला कणकेच्या खळीनं चिकटवलेला कागदाचा चिटोरा. धोबिणीला मळ दिसला. तिनं तांबडं फुटायच्या आधी उठून साबण घातलेलं राखेचं पाणी उकळलं, अंगणात टब मांडले आणि दोन दिवसांत सगळे दगड ब्रशानं घासून लख्ख केले. एका ताटलीत पांढरे खडे होते, ते पाण्यात गेले ते गेलेच, विरघळले. चिटोरे टबावर तरंगत होते, शाई उतरलेली, पाणी निळं. तिला वाटलं, जुने कागद, साहेब नवे लावतील. दगड उन्हात मांडले तेव्हा तिला खरोखर अभिमान वाटला होता, या बेटावर आल्यापासून पहिल्यांदा. तो अभिमान आठवला की आजही कानशिलं तापायची.

तो परतला. दारात उभा राहिला. एक दगड उचलला, जिभेला लावला आणि म्हणाला, "साबण." दुसरा उचलला. "साबण." मग तो जमिनीवर बसला, तिन्ही कोटांसकट, खडखड आवाज करत, आणि मग तिला समजावून सांगितलं त्यानं, ओरडून नाही, दमलेल्या आवाजात. दगडाचं नाव कुणालाही देता येतं. पण तो कुठे होता, कशाखाली होता, कशावर होता, हे गेलं की दगड मुका होतो. चिटोऱ्यावर ते होतं. पाच वर्षांचं चालणं होतं. डॉर्कसनं भिंतीला पाठ लावली. तिला पुढचं माहीत होतं. मॅजिस्ट्रेट, केस भादरणं, गळ्यात लोखंडी कडं, पाव-पाण्यावर कोंडून घालणं. याहून कमी चुकीसाठी तिच्याबरोबरच्या बायकांना झालं होतं. ती वाट बघत होती. आणि त्यानं मान वर करून विचारलं:

"तुला काय आठवतं?"

तिला प्रश्न समजला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. हा दगड, हा तांबडा, कुठल्या फळीवर होता? शेजारी कोण होता? आणि तिला आठवत होतं. सगळं आठवत होतं. ज्या बाईनं रोज चारशे कपडे उकळून, वाळवून, कुणाची उशी कुणाकडे न जाऊ देता परत दिले, तिला दोनशे तीस दगड म्हणजे काय? तिसरी फळी, डावीकडून नववा, शेजारी तो हिरवट, त्याला मागे चीर होती. तो फळीवरनं ओढा ओळखायचा, ओढ्यावरनं दिवस. एकोणीस दिवस ते दोघं जमिनीवर बसले. ती दगड द्यायची, तो चाटायचा, मग तीही चाटायला लागली. चिकणमातीचा दगड जीभ धरतो, वाळूचा सोडतो. श्वास सोडला की एकाला पहिल्या पावसानंतरच्या अंगणाचा वास येतो, दुसऱ्याला काहीच येत नाही. आपल्या जिभेला शिव्या आणि मीठ यांपलीकडे काही कळतं, हे तिला तिसाव्या वर्षी समजलं. विसाव्या दिवशी दोनशे चोवीस दगड आपापल्या जागी होते. सहा राहिले. ते त्यानं उचलले आणि मागच्या अंगणात फेकून दिले. "अंदाजानं लिहा की," ती म्हणाली होती. तो म्हणाला, "जिथे मी नव्हतो तिथली साक्ष मी देत नाही."

आणि मग तिनं, भीत भीत, सांगितलं की साहेब, आम्ही कपड्यावर चिकटवत नाही काही. उकळलं तरी जाणार नाही अशी खूण करतो. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं चांदी शोधून दिली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या तेलरंगाचा डबा आला. नंबर नव्या सापडणाऱ्या दगडांपासून घालायचे, जुन्यांना शेवटी, असं ठरलं. आकडे शिकवले त्यानं, मग अक्षरं. शिक्षा संपली तेव्हा ती गेली नाही. गावाला वाटायचं ते त्यांच्यात कधी झालं नाही. झालं असतं तरी चाललं असतं. पण झालं ते वेगळंच होतं आणि त्याला गावाकडे शब्द नव्हता, तिच्याकडेही नव्हता. उपकार म्हणायला तिची जीभ रेटत नसे. उपकार म्हणून तिला आयुष्यभर जे मिळालं त्याला बहुतेकदा गळ्यात घालायचा पट्टा असायचा. हे नुसतं एवढंच होतं की एका माणसानं तिला काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. सकाळी चूल पेटवताना कधी कधी हे अचानक आठवायचं आणि तिला चुलीपाशी क्षणभर बसावं लागायचं.

मात्र एक गोष्ट होती. तिनं ती कधी बोलून दाखवली नव्हती, आणि आज खिशातला दगड नेमका तोच होता. एकशे सतरा तिला सापडला होता. डोंगराच्या उतारावर, ओढ्याच्या वर, लॅनियन वाऱ्यानं उडालेल्या टोपीमागे खाली गेला होता तेव्हा. तिनं दगडाचं एक फळकुट उपसलं आणि आत लेस होती. करड्या दगडात बारीक, एकसारखी, नक्षीदार जाळी, जशी कुणी ओली लेस इस्त्रीखाली ठेवून दगडावर दाबावी.  कॉलरची जाळी हीच, अशीच होती. तो वर आला, त्यानं चाटलं, बोट फिरवलं आणि सांगितलं की हा कधीकाळी समुद्राचा तळ होता आणि ही जाळी एका जिवाचं घर आहे, राजे नव्हते, कोर्ट नव्हतं, तेव्हाचं. ती हसत सुटली. ही लेस घेतली म्हणून कोण तिला जहाजावर घालणार होतं? संध्याकाळी वही भरताना तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. नंबर. जागा. खाली काय, वर काय. शेवटचा रकाना, शोधणारा. "लॅनियन," तो म्हणाला. सवयीनं. तिनं लिहिलं. त्यानंतर आणखी कितीतरी वेळा लिहिलं. ती नोकर होती, नोकराचं सापडलेलं मालकाचं असतं, जगात सगळीकडे हेच आहे. तरी रकान्याशी आलं की हात एक क्षण थांबायचा. पंधरा वर्षं थांबत आला होता. कृतज्ञ माणसाला राग येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कुणाच्या घरी पंधरा वर्षं राहून बघावं.

घरात शिरली तेव्हा तो खिडकीशीच होता, एका कोटात, कारण आता बाहेर जाणं नव्हतं. पांढरे पडलेले डोळे दाराकडे वळले.

"उशीर केलास. जहाज आलं?"

"आलंय साहेब. पत्र नाही."

झालं. इतकं सोपं होतं. तिनं टोपली टेबलावर ठेवली, मान काढली, सुरी घेतली, बटाट्यांसाठी वळली, आणि एप्रनचा खिसा टेबलाच्या कडेला लागला.

"फिंच, तुझ्या खिशात दगड आहे."

"बटाटा आहे."

"बटाटा वाजतो का?"

"जुना बटाटा आहे, साहेब."

"मी आंधळा झालोय, खुळा नाही. खुळा मी आधीपासून आहे, ते वेगळं. दे इकडे."

तिनं दिला नाही. त्यानं हात पुढे धरून ठेवला. नखं मोडलेली, तळवा उघडा. हा हात पुढे आला की दगड द्यायचा, एवढंच तिचं शरीर शिकलं होतं, आणि शरीरानं दिला. मग तिला वाटलं, आपण हा पुसलाही नाही. त्यानं श्वास सोडला, हुंगलं. जिभेचं टोक लावलं. चेहरा उजळला. "समुद्राचा चिखल. जीभ धरतो बघ कसा." अंगठा पाठीवरून फिरला आणि जाळीवर थांबला. "अरे. लेस! फिंच, ही दुसरी..." मग अंगठा कडेवर गेला. रंगाचा उंचवटा. एक. एक. आणि सात, पोटात कापलेला.

अंगठा तिथेच राहिला. चुलीवर पाणी वाजायला लागलं होतं. डॉर्कसनं मनात चार खोट्या गोष्टी तयार केल्या. एक पेटी फुटली होती म्हणे साहेब, एवढा एकच मागे राहिला. हीच चांगली होती. ती तोंडाशी आलीसुद्धा.

"कुठे सापडला?" त्यानं विचारलं.

पंधरा वर्षं तो हेच विचारत आला होता, याच आवाजात. आणि तिनं या प्रश्नाला कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. एकदाही नाही. सहा दगड अंगणात गेले होते, पण खोटं उत्तर गेलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं की तिला कोर्टात खोटं बोलता आलं असतं, देवासमोर आलं असतं, ग्रूमला तर हसत हसत. इथे येणार नव्हतं.

"धक्क्याच्या रस्त्यात. कोठाराच्या दारासमोर. डाव्या चाकाच्या चरात."

"किती खोल?"

"बोटभर वर होता. बाकी आत."

"खाली काय?"

"विटांचे तुकडे. डोंगराचा निळा दगड." तिनं सुरी खाली ठेवली. "आणि आपले, साहेब. आपले सगळे. अकराशे चाळीस. त्यांना पेट्या हव्या होत्या. मेणबत्त्या ठेवल्यात. पेट्यांबद्दल तुमचे आभार मानलेत कारकुनानं."

"वर काय?"

"वर?" तिनं एप्रननं नाक पुसलं. "वर मेंढ्यांच्या लेंड्या."

म्हातारा हसला नाही. रडलाही नाही. तोंड जरासं उघडं राहिलं, जसं चव घेताना राहायचं. तो म्हणाला, "चार वर्षं. म्हणजे पत्र लिहिलंच नाही कुणी. मी त्यातले शब्द बदलत होतो." आणि मग, जवळजवळ चौकशी केल्यासारखं, "रस्ता कसा झालाय?"

"चांगला झालाय," ती म्हणाली, कारण झाला होता. "डूलन म्हणाला, देव तुमचं भलं करो. नंबरांवर जुगार खेळत होते, भाकरीचा. तो तीन दिवस पोटभर जेवला."

"तुझं भलं करो. नंबर तुझे." त्यानं दगड मांडीवर ठेवला. "वही आण."

पक्की प्रत लंडनसाठी पेट्यांबरोबर दिली होती, कच्ची वही फळीवर होती. फळ्या रिकाम्या, वही तेवढी. तिनं आणली, शाई आणली, पान काढलं. तो सांगू लागला आणि ती लिहू लागली, हात आपोआप चालला. एकशे सतरा, पुन्हा सापडला. जागा, होबार्ट टाउन, धक्क्याचा रस्ता. खाली विटा व निळा दगड. वर लेंड्या, हो, तसंच लिही, होतं ते लिहायचं. मग शेवटचा रकाना आला आणि सवयीनं तिचा हात एक क्षण थांबला.

"थांबलीस," तो म्हणाला.

"नाही साहेब."

"टाक थांबला. मला ऐकू येतं. इथे आला की नेहमी थांबायचा. मला वाटायचं शाई घेतेस."  दगडावरचा अंगठा पुढेमागे होत होता. "हा पहिल्यांदा सापडला तेव्हा मी टोपीमागे गेलो होतो ना?"

तिनं टाक दौतीत बुडवला.

"ओढ्यापर्यंत गेलो होतो. वर आलो तेव्हा तू तो हातात धरून उभी होतीस, आणि तुझे दात वाजत होते. मी तिथे नव्हतो. सहा दगड मी फेकून दिले, फिंच, मी तिथे होतो की नाही ते आठवेना म्हणून. आणि इथे मी नव्हतो हे मला माहीत होतं, आणि लिहिलं मी." त्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता इतका कडवट झाला. "त्या कोठारवाल्याला निदान पेटीचे आभार तरी मानायचे सुचले. जुनी ओळ काढ. माझं नाव खोड. खाडाखोड दिसू दे, खरवडू नकोस. तुझं लिही. आधी तिथे, मग इथे. पूर्ण नाव, नुसतं फिंच नको. मला अजून माहीत नाही तुझं मधलं नाव."

"मधलं नाही, साहेब. आमच्यात एकच देतात. तेवढंच परवडतं."

आता तो हसला. तिनं जुनी ओळ काढली. लॅनियनवरून एक रेघ ओढली, सात कापायची तशी, आडवी. वर लिहिलं: डॉर्कस फिंच. नाव लिहायला तिला कधी कारणच पडलं नव्हतं. जहाजाच्या यादीत दुसऱ्यानं लिहिलं होतं, कोर्टात दुसऱ्यानं. 'फ' जरा मोठा झाला. शाई ओली होती, चमकत होती. चुलीवरचं पाणी आटत आलं होतं, मान टेबलावर तशीच पडलेली, खिडकीवर माशी. तिनं दगड त्याच्या मांडीवरून घेतला, उगाच, आणि जिभेला लावला. रस्त्याची चव होती, लेंड्यांची, लोखंडाची, आणि त्याच्या खाली, नीट थांबलं तर, समुद्राची.

"आणखी किती आहेत?" त्यानं विचारलं. "जिथे मी नव्हतो असे?"

तिला मोजावं लागलं नाही.

"एक्केचाळीस."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. चाचपडत त्यानं खुर्ची टेबलाशी ओढली आणि दौत तिच्या हाताजवळ सरकवली. "मान नंतर शिजव," तो म्हणाला. "पहिला नंबर सांग. तुला काय आठवतं?"